अंबर आणि एका : देवगिरीच्या परिसरातील दोन पोरके

दिल्ली दरवाजातून उत्तरेकडे निघालेला रस्ता हर्सूलला येतो. छत्रपती संभाजीनगर शहरातल्या माणसाला हर्सूल म्हटले की मध्यवर्ती कारागृह आठवते, फार तर तलाव आठवतो. हर्सिद्धी देवीला जाणाऱ्यांचे हर्सूल निराळे. पण या शहराच्या जन्माशी हर्सूलचा जो संबंध आहे तो जमिनीच्या पोटात आहे, आणि म्हणूनच तो सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबरने शहराच्या उत्तरेकडच्या या खोऱ्यात मुरलेले पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीत गोळा केले आणि केवळ उताराच्या बळावर ते आपल्या नव्या राजधानीत, खडकीत आणले. पुढे पाणचक्कीसाठी जी नहर काढण्यात आली तिचाही उगम हर्सूलच्या नदीजवळच्या एका विहिरीपाशीच आहे. नहरीवर ठिकठिकाणी चुन्यात बांधलेले मनोरे उभे केलेले असत. पाणी त्यांत चढे, दाब टिकून राही आणि ते पुढच्या टप्प्याला जाई.

ही नहर बांधणारा माणूस लहानपणी विकला गेला होता. त्याच्या चरित्राचा आरंभ येथून होतो, आणि त्या चरित्राकडे साहित्याच्या अभ्यासकाने का पाहावे या प्रश्नाचाही.

अंबरचा जन्म इथिओपियात, १५४८च्या सुमाराचा. मूळ नाव चापू. आईबापांनीच त्याला विकले असे विजापूरच्या एका फार्सी इतिहासग्रंथात येते. तसे असेल तर हा आईबाप जिवंत असताना झालेला पोरका. १६१७मध्ये त्याला प्रत्यक्ष भेटलेला डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रूक याने तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात तो विकला गेल्याचे नोंदवले आहे. तेथून बगदाद. बगदादमध्ये मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याला घेतले, मुलाची बुद्धी पाहून शिकवले, मुसलमान केले आणि ‘अंबर’ हे नाव दिले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे एक सुगंधी द्रव्य. गुलामांना अत्तरांची, रत्नांची, फुलांची नावे देण्याची रीतच होती: याकूत, रेहान, काफूर. १३०७मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या वतीने देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर हाही विकत घेतलेलाच होता. काफूर म्हणजे कापूर, आणि त्याचे दुसरे नाव ‘हजारदिनारी’. अर्थात किंमत हेच ज्याचे उपनाव झाले असा माणूस. देवगिरीच्या इतिहासात अशी माणसे पुन्हा पुन्हा येतात आणि इतिहासकार त्यांच्या स्वाऱ्यांची वर्णने करून पुढे जातो.

ऑर्लंडो पॅटर्सन या समाजशास्त्रज्ञाने १९८२मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुलामगिरीविषयीच्या ग्रंथात गुलामाच्या अवस्थेला ‘सामाजिक मृत्यू’ म्हटले आहे. मारहाण, कष्ट, मालकी यांच्याही आधीची गोष्ट त्याच्या मते अशी की, गुलाम जन्मनात्यांपासून तोडला जातो. त्याला पूर्वज सांगता येत नाहीत आणि वंशजांवरही हक्क सांगता येत नाही. मराठी समीक्षेत ‘पोरकेपणा’ हा शब्द फार सैलपणे वावरतो. साठोत्तरी कवितेतल्या महानगरी माणसाचे पोरकेपण, नायकाचे अस्तित्वगत पोरकेपण, असे आपण सहज लिहून जातो. तेथे पोरकेपणा हा एक भाव असतो. चापूच्या बाबतीत तो भाव होता की नव्हता हे सांगणारी एकही ओळ उपलब्ध नाही. जे उपलब्ध आहे ते त्याचे सामाजिक स्थान आहे: कोणाचा मुलगा, या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही असे स्थान.

अशा मुलाच्या घडणीची कथा सांगायची तर तिच्यासाठी साहित्यशास्त्रात एक साचा तयार आहे. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून जर्मन समीक्षकांनी ज्याला ‘बिल्डुंग्सरोमान’ म्हटले, म्हणजे घडणीची कादंबरी, तिच्यात एक तरुण घराबाहेर पडतो, एका विलक्षण, काहीशा विक्षिप्त मार्गदर्शकाच्या हाती सापडतो, चुका करतो आणि शेवटी जगात आपली जागा मिळवतो. बाख्तिनने या प्रकारावरच्या आपल्या अपूर्ण राहिलेल्या निबंधात एक महत्त्वाचा भेद केला आहे. काही कथांत जग स्थिर असते आणि नायक तेवढा बदलतो. काहींत मात्र नायकाबरोबर जगही घडत असते, आणि नायक दोन युगांच्या सीमेवर उभा असतो. अंबरचे आयुष्य या दुसऱ्या प्रकारात चपखल बसते. निजामशाही बुडत होती, मोगल दक्षिणेत उतरत होते, मराठा सरदार घराणी वर येत होती. आणि या सर्वांच्या मध्ये हा हबशी गुलाम सेनापती, मग राज्याचा कर्ता, मग शहराचा संस्थापक झाला. तथापि, घडणीच्या कथेला जी एक गोष्ट लागतेच ती येथे नाही. घडणाऱ्या माणसाचे आतून आलेले असे एकही वाक्य नाही.

मार्गदर्शक मात्र आहे. किंबहुना दोन आहेत, आणि दोघेही धनी आहेत. मीर कासिमने शिकवले आणि विकले. एखादा गुरू शिष्याला विकतो, या वाक्यातली विसंगती बगदादच्या बाजारात कोणाला जाणवली नसेल, कारण शिकवलेल्या गुलामाची किंमत वाढते. १५७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंबर दक्षिणेत आला तो अहमदनगरचा पेशवा चंगेझखान याच्या पदरी. हा चंगेझखान कोण, याविषयीची माहिती एकमेकींशी जुळत नाही. रिचर्ड ईटन यांनी २००५मध्ये दक्षिणेतील आठ चरित्रांवर जो ग्रंथ लिहिला त्यात चंगेझखान हा स्वतःच हबशी आणि पूर्वीचा गुलाम होता, असे म्हटले आहे. फार्सी बखरींच्या परंपरेत मात्र निजामशाहीच्या या पेशव्याचे नाव ख्वाजा मीरक दबीर इस्फहानी असे येते. म्हणजे इराणी कारकुनी पेशातला माणूस. इतिहासकाराच्या दृष्टीने हा ओळख पटवण्याचा प्रश्न आहे. घडणीच्या कथेच्या दृष्टीने त्यावर सगळीच कथा अवलंबून आहे. चंगेझखान हबशी असेल तर त्या तरुण गुलामापुढे त्याचेच भविष्य सिंहासनाच्या बाजूला उभे होते आणि त्याने ते रोज पाहिले. तो इस्फहानचा असेल तर अंबरने जे शिकले ते परक्याचे दप्तर उचलता उचलता शिकले. चरित्रकारांना पहिली शक्यता अधिक आवडते यात नवल नाही. तिच्यामुळे कथा पूर्ण होते. पण कथा पूर्ण होते म्हणून ती स्वीकारावी काय?

ज्या दरबारात हा तरुण वाढला त्याच्या विक्षिप्तपणाविषयी तरी शंका नाही. मुर्तझा निजामशहा पहिला हा ‘दिवाना’ म्हणूनच ओळखला जातो. वर्षानुवर्षे तो एकांतात बसला; राज्य मुखत्यार चालवीत आणि त्यांच्यातल्या कोणाचा घात केव्हा होईल हे कोणालाच सांगता येत नसे. चंगेझखानाने १५७४मध्ये निजामशाहीला वऱ्हाड जिंकून दिला आणि त्यानंतर लवकरच राजाच्या संशयावरून विष घेऊन त्याला मरावे लागले. खुद्द हा राजा १५८८मध्ये स्वतःच्या मुलाच्या हातून हमामखान्यात मारला गेला. चंगेझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मोकळा झालेला अंबर विजापूरला गेला, तेथे त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला आणि १५९५मध्ये दीडशे स्वारांनिशी तो निजामशाहीत परतला. मधली वीस वर्षे जवळजवळ कोरी आहेत. कोणत्याही कादंबरीकाराने ज्यांवर मुख्य भाग रचला असता ती ही वर्षे.

याच निजामशाहीत, याच देवगिरीच्या छायेत, त्याच्या एक पिढी आधी दुसरा एक पोरका मुलगा वाढला होता. त्याची कथा मराठी वाचकाला इतकी परिचित आहे की ती पोरक्याची कथा आहे हे विसरायला होते.

एकनाथांचा जन्म पैठणचा, शके १४५५चा मानतात. भानुदासांचे कुळ; पणजोबा की त्याही मागचे, हा तपशील बाजूला ठेवू. आईबाप लहानपणीच गेले आणि आजोबा चक्रपाणी यांनी सांभाळले. मूळ नक्षत्रावर जन्मलेले मूल आईबापांच्या मुळावर येते हा समज त्या काळी, आणि नंतरही, किती घट्ट होता हे वेगळे सांगायला नको. अशा मुलाकडे घरातले आणि आळीतले कसे पाहत असतील? चरित्रकार हे सांगत नाहीत. महिपती तर त्या मुलाला पहिल्यापासूनच अवतारी करून टाकतो. सांगतात ते स्वतः एकनाथ. आपण मुळावर जन्मलो, त्या धाकाने मायबाप खचले, आपण दोघांच्याही निर्मूलनाला कारण झालो, असे त्यांनी एका अभंगात स्वच्छ म्हटले आहे. आणि येथेच त्यांचे कवित्व दिसते. ‘मूळ’ या शब्दावर ते श्लेष करीत जातात; नक्षत्राचे मूळ, वंशाचे मूळ, मायेचे मूळ. ज्या शब्दाने गावाने त्यांना अपशकुनी ठरवले तोच शब्द उलटा धरून ते प्रपंचाच्या मुळापर्यंत खणत जातात. संताच्या निरूपणाचा भाग म्हणून हा अभंग वाचला जातो. पण त्यात एका मुलाने ऐकलेली कुजबुज आहे. आपण आईबापांना खाल्ले, हे त्याला कोणीतरी कधीतरी म्हटले असले पाहिजे.

परंपरेप्रमाणे बाराव्या वर्षी हा मुलगा घरात कोणाला न सांगता देवगिरीला, जनार्दनस्वामींकडे गेला. जनार्दनस्वामी हे चाळीसगावचे देशपांडे. व्यवसायाने निजामशाहीचे चाकर, देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी. यवन राजाच्या पदरी ब्राह्मण किल्लेदार, आणि गुरुवारी किल्ल्याचा कारभार थांबवून ध्यानाला बसणारा. त्यांचा गुरू दत्तात्रेय, पण तो भेटायचा मलंगाच्या वेषात. रा. चिं. ढेरे यांच्या संशोधनाने हा गुरू चांद बोधले या सूफी साधुपुरुषापर्यंत आणून पोहोचवला आहे, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद हे याच गुरूचे दुसरे शिष्य. हा मार्गदर्शक विक्षिप्त होता काय? पैठणच्या दृष्टीने निश्चितच होता.

त्या सहवासाच्या तीन कथा परंपरेने जपल्या आहेत. पहिली हिशेबाची: एका पैची चूक सापडत नाही म्हणून मुलगा रात्रभर दप्तर घेऊन बसतो, पहाटे चूक सापडताच टाळी वाजवतो, आणि दारात उभे असलेले गुरू म्हणतात की एका पैसाठी एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल. ही कथा कीर्तनकारांनी पार गुळगुळीत करून टाकली आहे. तिच्यातली लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे ती कचेरीत घडते. अध्यात्माची पहिली परीक्षा निजामशाहीच्या जमाखर्चात होते. दुसरी कथा चिलखताची: जनार्दनस्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू चालून येतो, मुलगा गुरूंचे चिलखत घालतो, त्यांच्या घोड्यावर बसतो, लढून परत येतो, सगळे जागच्या जागी ठेवतो आणि बोलत नाही. तिसरी कथा सर्वांत अडचणीची, आणि म्हणून सर्वांत कमी सांगितली जाणारी. मलंग येतो, त्याच्याबरोबर कुत्री असते. तिचे दूध वाडग्यात काढून त्यात भाकर कुस्करली जाते आणि गुरू व मलंग ती खातात. वाडगे धुवायला दिले जाते ते एकाला. तो ते धुतो आणि ते पाणी पितो.

या तिन्ही कथांत मुलाला काही शिकवले जात नाही. हिशेब, युद्ध आणि उष्टे यांच्यासमोर त्याला एकटे सोडले जाते. विधिनिषेध मोडणारा गुरू आणि त्यापुढे गोंधळून न जाता स्वतःचा मार्ग काढणारा मुलगा, अशी ही रचना आहे. पुढे एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, शके १४९५मध्ये ती काशीला पूर्ण झाली, आणि तिच्यात सातव्या ते नवव्या अध्यायात यदू आणि अवधूत यांचा संवाद आला. अवधूत चोवीस गुरू सांगतो: पृथ्वी, अजगर, कबुतर, पिंगला ही गणिका, बाण करणारा कारागीर. कोणाकडूनही शिकणारा आणि कोणाचाच न झालेला असा तो विक्षिप्त पुरुष. नवव्या अध्यायाच्या शेवटी एकनाथ मूळ संस्कृत सोडून स्वतःच्या गुरूची हकिकत सांगू लागतात. दत्तात्रेयाच्या शिष्यपरंपरेत सहस्रार्जुन, यदू आणि तिसरे जनार्दन. पुराणातल्या वंशावळीत कालपरवाच्या एका किल्लेदाराला बसवण्याचे हे धैर्य कशातून आले असेल? ज्याला आईबापांची वंशावळ भोवली त्याने गुरूची वंशावळ रचली, असे म्हटले तर ते अगदीच मानसशास्त्रीय होईल. पण मजकुराकडे पाहता तसे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

नावाचे पाहा. ‘एका जनार्दनी’ या मुद्रेत व्याकरणाच्या दृष्टीने सप्तमी आहे. एका, जनार्दनाच्या ठायी. पाश्चात्त्य घडणीच्या कथेत तरुण मार्गदर्शकापासून वेगळा होतो तेव्हा तो मोठा झाला असे मानतात. येथे कवी मोठा झाला, ग्रंथकार झाला, शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याइतका अधिकारी झाला, श्राद्धाचे अन्न अंत्यजांना घालून पैठणच्या ब्रह्मवृंदाचा बहिष्कार ओढवून घेण्याइतका स्वतंत्र झाला. आणि तरीही त्याने एकट्याचे नाव लावले नाही. स्वातंत्र्याची ही कल्पना निराळी आहे. देशी साहित्यशास्त्र हवे असा आग्रह धरणाऱ्यांनी या सप्तमीचा विचार करायला हरकत नव्हती.

परंपरा जनार्दनस्वामींचे निधन शके १४९७चे सांगते. चंगेझखानाचा मृत्यूही १५७५च्या आसपासचाच. म्हणजे देवगिरीच्या परिसरातल्या या दोघा पोरक्यांचे मार्गदर्शक जवळजवळ एकाच वेळी गेले. एक गुरू गेला तेव्हा मागे एक समाधी, एक मुद्रा आणि एक ग्रंथपरंपरा उरली. दुसरा गेला तेव्हा एका गुलामाची मालकी त्याच्या विधवेकडे आली, आणि तिने ती सोडून दिली.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की ‘अनाथ’ या एकाच शब्दाखाली किती वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात हे दिसू लागते. एकनाथांना आईबाप नव्हते, पण भानुदास होते, चक्रपाणी होते, गोत्र होते, गाव होते. भागवताच्या पहिल्याच अध्यायात ते आपले कुळ नावानिशी सांगतात. त्यांचा पोरकेपणा सांगता येण्याजोगा आहे, कारण सांगण्यासाठी लागणारी सगळी नाती जागेवर आहेत. चापूपाशी सांगायला काहीच उरू दिलेले नव्हते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने १९८४मध्ये मराठी वाचकाला बापाचे नाव विचारले जाण्याचा अर्थ कळवला, त्या आत्मकथनातला मुलगा ज्या प्रश्नापुढे उभा असतो तोच प्रश्न येथेही आहे, फक्त उत्तर लिहिणारा हात येथे नाही. येथे आणखी एक छोटी बाब नमूद केली पाहिजे. मराठीत एकनाथांच्या बालपणाविषयी लिहिताना लेखणी थोड्याच वेळात आदरार्थी बहुवचनाकडे वळते. अंबर सत्तरीच्या पुढे गेला तरी त्याच्या वाट्याला एकवचनच येते. प्रस्तुत लेखातही ते तसेच आले आहे.

तो स्वतः कोणाचा तरी पालक झाला ती हकिकत सुखाची नाही. १६००मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेले. अंबरने विजापुरात असलेला निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, परांड्याला त्याला मुर्तझा दुसरा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. ज्याला वंश नव्हता त्याने राजवंश उभा केला आणि त्यात आपले रक्त मिसळले. त्या राजाची थोरली राणी इराणी होती. तिने अंबरच्या मुलीला एकदा गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि अंबरविषयीही ती वाईट बोलली, असे व्हॅन डेन ब्रूकच्या वृत्तान्ताच्या आधारे ईटन सांगतात. मुलीने बापाला कळवले. राजा आणि राणी दोघांनाही विष देण्यात आले आणि राजाचा पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसला. हे १६१०चे. त्याच वर्षी खडकीची स्थापना झाली.

या प्रसंगावर सहसा राजकारण म्हणून भाष्य होते आणि ते बरोबरच आहे. पण मोखा, बगदाद, अहमदनगर, विजापूर इतका प्रवास करून, किताब मिळवून, राजे बसवून झाल्यावर, साठी उलटलेल्या माणसाला त्याच्याच जावयाच्या अंतःपुरातून तो एक शब्द ऐकू येतो. घडणीच्या कथेत शेवटी जग नायकाला सामावून घेते असे मानले जाते. येथे जगाने तो शब्द राखून ठेवला होता. चंगेझखान विषाने गेला होता. त्या दरबारात वाढलेल्या तरुणाने विष वापरले. मार्गदर्शकाकडून मिळालेल्या शिक्षणात हेही धरावे लागते.

अंबरविषयी इतरांनी जे लिहिले ते पुष्कळ आहे. जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख वर्णावरून शिवी दिल्याखेरीज क्वचितच केला आहे. आणि रणांगणात जे साधले नाही ते १६१६च्या सुमारास अबुल हसनकडून चितारून घेतले. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकाला बाण मारतो आहे, भोवती घुबडे, खाली बैल आणि मासा. आज हे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. अंबर मात्र त्यानंतर दहा वर्षे जगला आणि अंथरुणात मेला. डच व्यापाऱ्याला त्याच्या चेहऱ्यात जुना रोमन दिसला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त भातवडीच्या, १६२४च्या लढाईच्या निमित्ताने त्याचे वर्णन आले आहे आणि त्यात आदर आहे, त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. शिवी, चित्र, व्यापाऱ्याची नोंद, संस्कृत काव्य: चारही संहितांत अंबर तृतीयपुरुषी आहे, आणि चारही ठिकाणी तो पूर्ण वाढलेला, सेनापती म्हणूनच प्रवेश करतो. मुलगा कोणीच पाहिलेला नाही.

मराठी भाषेने त्याची आठवण वेगळ्या रीतीने ठेवली. जमीनमहसुलाच्या जुन्या कागदपत्रांत ‘मलिकंबरी’ हे विशेषण येते. मलिकंबरी धारा, मलिकंबरी जमाबंदी. राज्ये गेली तरी कुणबी आणि कुलकर्णी यांच्या व्यवहारात सारा ठरवण्याचे एक माप म्हणून ते नाव चालत राहिले. चरित्र नाही, पण विशेषण आहे, हा साहित्याच्या इतिहासकाराला कमीपणाचा वाटणारा पुरावा आहे. एकनाथांचे नाव मुद्रेत राहिले आणि अंबरचे साऱ्याच्या दरात, एवढ्यावरून एकाला वाङ्मयात आणि दुसऱ्याला इतिहासात ठेवून मोकळे व्हायचे, ही सोय आपल्या विद्यापीठांनी करून ठेवलेली आहे. भाषेच्या वापरात मात्र दोन्ही नावे शेजारी होती. एका गावात सकाळी एक आणि दुपारी दुसरे उच्चारले जात असेल.

नहरीविषयी एक मोह आवरला पाहिजे. बगदादमध्ये लहानपण गेले, त्या प्रदेशात आणि इराणात भुयारी पाटांची विद्या जुनी, म्हणून हर्सूलच्या खोऱ्यातली नहर ही त्या मुलाची आठवण, असा दुवा जोडणे फार सोपे आणि फार देखणे आहे. कादंबरीकाराने तो जोडावा. दक्षिणेत बहामनी काळातच बिदरला अशा भुयारी नहरी होत्या, आणि ही विद्या जाणणारे कारागीर अंबरला जवळच मिळाले असणार. बालपणाचा पुरावा नाही म्हणून तो पाण्यात शोधणे हे समीक्षेचे काम नव्हे.

१६२६मध्ये अंबर वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. देवगिरीच्या किल्ल्यापासून फार दूर नाही. मुलगा फत्तेखान याने खडकीचे फत्तेनगर केले आणि १६३३मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांना देऊन तो त्यांच्या आश्रयाला गेला. १६५३मध्ये, औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, फत्तेनगरचे औरंगाबाद झाले आणि २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर. नहरीचा पुष्कळ भाग बुजला, काही मनोरे पडले, काही घरांच्या भिंतींत गेले. हर्सूलच्या बाजूने येणाऱ्या त्या पाण्याला मात्र अजून नहर-ए-अंबरी असेच म्हणतात. हे नाव मीर कासिमने बगदादमध्ये एका विकत घेतलेल्या मुलाला दिलेले आहे.